सर्पमित्राचं किट: पैसे नळी-पिशवीवर घाला, चिमट्यावर नको

‘स्नेक रेस्क्यू किट’ या नावानं ऑनलाइन जे संच विकले जातात त्यांत साधारण याच वस्तू असतात: हुक, चिमटा म्हणजे टाँग, नळी आणि पिशवी, चामडी हातमोजे, पायाला बांधायचे गेटर, हेडटॉर्च, आणि वर ‘भेट’ म्हणून विष ओढणारा पंप. संचाच्या किमतीतला मोठा वाटा चिमटा आणि हातमोजे खातात. नाग-मण्यारीच्या कामात सगळा भरवसा ज्या वस्तूवर, ती नळी-पिशवी मात्र हटकून सगळ्यात कच्च्या दर्जाची निघते. त्यामुळे अख्खा संच घेऊच नये. एकेक वस्तू हातात घेऊन, तपासून घ्यावी. काही तर स्वतः बनवून घ्याव्यात. कोणती कशी पाहायची ते खाली सविस्तर दिलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. हे सामान वनविभागाच्या परवानगीनं काम करणाऱ्या आणि रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या किंवा घेत असलेल्या माणसांसाठी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये प्राणी पकडणं हेही ‘शिकार’ या व्याख्येतच येतं, म्हणून हौस म्हणून साप धरणं हा गुन्हा आहे. घरात साप निघाला आणि आपण या कामातले नसू, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा, मुलंबाळं आणि कुत्री-मांजरं बाहेर काढावीत, आणि माणूस येईपर्यंत लांबून सापावर नजर ठेवावी. त्या वेळी एवढंच काम आपलं, आणि ते फार महत्त्वाचं असतं. साप नजरेआड झाला की येणाऱ्याचं काम दहा पटींनी अवघड होतं.

नळी-पिशवी

सापाला भीती वाटली की तो अंधारं बीळ शोधतो. आपण त्याच्यासमोर तसं बीळ ठेवायचं, तो आपल्या पायानं नसला तरी आपल्या मर्जीनं आत शिरतो, आणि पकडणाऱ्याचा हात सापाला लागतच नाही. सगळी पद्धत एवढ्यावर उभी आहे. साप अंगावर येत नाही, मान दाबावी लागत नाही, बरगड्या मोडत नाहीत. केरळच्या वनविभागानं साप पकडणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली तेव्हा हुक, नळी आणि पिशवी हीच पद्धत शिकवायला घेतली, ती याच कारणानं.

नळी पीव्हीसीची चालते. नाग आणि धामण यांच्यासाठी ७५ मिमी व्यासाची, भरलेल्या अंगाच्या घोणशीसाठी ११० मिमीची. मण्यारीला ६३ मिमी पुरते. लांबी ३० ते ४५ सेंमी. याहून आखूड नळीत पिशवीची गाठ आणि सापाचं तोंड यांत अंतर उरत नाही. जास्त लांब घेतली तर साप अर्ध्यात थांबून राहतो. दोन्ही कडा कानशीनं घासून, वर बारीक पॉलिश पेपर फिरवून गुळगुळीत करून घ्या. करवतीनं कापलेली कड ब्लेडसारखी असते, त्यावर सापाचे पोटाचे खवले सोलले जातात आणि साप माघारी फिरतो. विकतच्या संचांत ही कड घासलेली क्वचितच सापडते. नळी आतून काळी करा. पांढऱ्या नळीतून उजेड आरपार जातो आणि सापाला ते बीळ वाटतच नाही.

पिशवीचं कापड घट्ट विणीचं, जाड, गडद रंगाचं सुती असावं. लांबी किमान तीन फूट, रुंदी दीड फूट. शिलाई दुहेरी, आणि कापडाच्या कच्च्या कडा शिवणीच्या आत दुमडलेल्या. आतल्या बाजूला सुटे दोरे राहिले तर मण्यारीसारख्या सडपातळ सापाच्या अंगाभोवती ते गुंडाळले जातात. लहान पिल्लू त्यात फासात अडकल्यासारखं मरू शकतं. तळाचे दोन्ही कोपरे तिरपे शिवून बंद करून घ्यावेत. कोपऱ्यात दडलेला साप बाहेरून दिसत नाही आणि पिशवी उचलताना बोट नेमकं तिथेच जातं. नायलॉनच्या, रेनकोटच्या कापडाच्या पिशव्या दिसायला झकपक असतात, पण त्यांत हवा खेळत नाही. उन्हाळ्यात त्या आतून तापतात. त्या घेऊ नका.

खरी कसोटी जोडाची. बहुतेक संचांत पिशवी नळीवर वेल्क्रोनं किंवा साध्या इलॅस्टिकनं बसवलेली असते. धूळ आणि केस अडकून वेल्क्रो काही महिन्यांत सुटू लागतं. मोठी धामण आत उसळली तर इलॅस्टिक सरकतं. नळीवर पिशवी चार बोटं चढवून वर होज क्लॅम्प (स्क्रूनं आवळायची धातूची पट्टी) आवळावा, ही सगळ्यात भरवशाची जोडणी. स्क्रू बाहेरच्या बाजूला, आणि आत कापडाची घडी पडलेली नाही हे बोट फिरवून पाहा. जोडाशी कापडाची सुरकुती असली की सापाचं नाक तिथे टेकतं आणि तो मागे वळतो. ‘नाग नळीत जातच नाही’ ही तक्रार सतत कानावर येते, त्यातल्या निम्म्या वेळा दोष या सुरकुतीचा असतो.

उरलेल्या निम्म्या वेळांची कारणंही ठरलेली आहेत. पिशवी मागे नीट पसरलेली नसते, चोळामोळा होऊन पडलेली असते, त्यामुळे बीळ पुढे बंद आहे असं सापाला वाटतं. नळीचं तोंड जमिनीपासून बोटभर वर राहिलेलं असतं, मग साप खालून निघून जातो. गुळगुळीत फरशीवर सापाला पुढे सरकायला पकडच मिळत नाही. तिथे नळीपुढे एक गोणपाट अंथरलं की फरक लगेच दिसतो. आणि चौथं कारण माणसांची गर्दी. समोर दहा पाय हलत असले तर नाग फणा काढून त्या पायांकडेच बघत राहतो.

नळी नेहमी भिंतीला किंवा कोपऱ्याला लागून ठेवावी, कारण साप भिंत धरून चालतो. तोंडाजवळ नळी हातानं धरायची नाही. मागून एखादी वीट टेकवावी किंवा दुसऱ्या हुकानं दाबून धरावी. हुकानं सापाचा पुढचा भाग हलकेच नळीकडे वळवायचा आणि थांबायचं. ढोसायचं नाही. डोकं आत गेलं की उरलेलं अंग बहुधा आपोआप जातं. शेपटी आत गेल्यावर नळी मागून, सापाच्या तोंडापासून लांबून उचलून उभी करायची, म्हणजे साप पिशवीच्या तळाशी जातो. मग पिशवी जमिनीवर आडवी टाकून, साप आणि जोड यांच्यामध्ये हुकाचा दांडा आडवा दाबायचा. त्या दांड्याच्या अलीकडे पिशवीला पीळ द्यायचा, पीळ दुमडून नाडीनं दोन ठिकाणी आवळायचा, आणि त्यानंतरच क्लॅम्प सोडून नळी वेगळी करायची. पीळ देताना हात दांड्याच्या पलीकडे, सापाच्या बाजूला गेला की अपघात झालाच म्हणून समजा. पिशवीतून दात आरपार येतो. कितीही जाड कापड असलं तरी घोणशीचा येतोच.

बांधलेली पिशवी गाठीच्या वरून धरायची, अंगापासून हातभर लांब. खांद्यावर टाकायची नाही, गाडीच्या हँडलला अडकवायची नाही. ती झाकणाच्या डब्यात ठेवून, डब्यावर ‘विषारी साप’ अशी चिठ्ठी लावूनच न्यायची.

हे सगळं घरी जुळवलं तर पाचशे रुपयांच्या आत होतं: हार्डवेअरच्या दुकानातली नळी आणि क्लॅम्प, कापडाच्या दुकानातलं दीड मीटर कापड आणि ओळखीचा शिंपी. विकत घ्यायचीच असेल तर कड, आतली शिवण आणि जोड या तीन गोष्टी तपासल्याशिवाय घेऊ नका.

हुक

लांबी किमान एक मीटर. नाग अंगाचा साधारण एक तृतीयांश भाग उभा करतो आणि तेवढ्याच टप्प्यात पुढे झेपावतो. चार-पाच फुटी नागाचा हा टप्पा दीड फुटाच्या आसपास भरतो. एक मीटरचा हुक आणि आपला हात मिळून पुरेसं अंतर राहतं. दुमडून पिशवीत बसणारे टेलिस्कोपिक हुक सोयीचे वाटतात, पण भरल्या घोणशीच्या वजनानं त्यांचा सांधा फिरतो किंवा सरकतो. ते फक्त फुरसं आणि मण्यार यांच्यासाठी जवळ ठेवावेत. मुख्य हुक एकसंध दांड्याचाच हवा.

दांडा पोकळ ॲल्युमिनियमचा, पुढचा आकडा स्टीलचा, अशी जोडी हलकी आणि टिकाऊ असते. आकड्याचं तोंड चार-पाच इंच रुंद आणि टोक चपटं, गोलसर असावं, म्हणजे ते फरशीला टेकून सापाखाली अलगद सरकतं. गोल सळई नुसती वाकवून केलेला हुक सापाखाली जात नाही, सापाला ढकलत राहतो. अरुंद तोंडाचा हुक अंगात रुततो. दुकानात तपासायला सोपी रीत आहे: आकड्याला किलोभर वजन टांगा आणि दांडा आडवा धरा. आकडा दांड्याच्या जोडाशी फिरला तर तो हुक परत ठेवा.

हुक दोन घ्या, यावर आम्ही ठाम आहोत. घोणस जड असते. एकाच हुकावर उचलली तर सगळं वजन एका जागी येतं, ती निसटते आणि पडून तिला इजा होते. घोणस पिल्लं घालते. पोटात पिल्लं असलेली मादी एका हुकावर लोंबकळत उचलणं म्हणजे पिल्लांनाही धोक्यात घालणं. पुढच्या आणि मागच्या तिसऱ्या हिश्शाखाली एकेक हुक, आणि उंची वीतभरच. शिट्टीसारखा फूत्कार करत वेटोळं घातलेल्या घोणशीला उचलायची घाई करायची नाही. वेटोळ्यातून ती जितक्या वेगानं उसळते तितका माणसाचा हात मागे येत नाही. आधी हुकानं वेटोळं सैल करायचं, ती चालू लागली की मग आडवा ठेवलेला उंच ड्रम तिच्या वाटेत द्यायचा. नागासारखी ती नळीत पटकन शिरत नाही, म्हणून तिच्यासाठी झाकणाचा, दोन फूट उंचीचा ड्रम जास्त कामाचा.

बेचकीची काठी, जी मानेवर दाबून धरायला विकतात, ती कोणत्याही किटमध्ये असू नये. मानेवर दाब आला की मणके निखळतात. साप सोडताना ठीक दिसतो आणि पुढे उपाशी मरतो. शिवाय मान दाबून धरलेली घोणस तोंड वाकडं करून लांब दात स्वतःच्या खालच्या जबड्यातून बाहेर काढून बोटाला लावू शकते. मान धरली म्हणजे धोका संपला, ही समजूत किती सर्पमित्रांच्या जिवावर उठली आहे.

चिमटा

ऑनलाइन संचाच्या फोटोत सगळ्यात पुढे तोच असतो, आणि नवा माणूस त्यालाच भुलतो. मुठीतला खटका दाबला की पुढचा जबडा मिटतो. खटक्याला किती जोर लावला हे मुठीला कळतं, सापाच्या बरगड्यांवर किती पडला ते कळत नाही. दातेरी, अरुंद जबड्याचे स्वस्त चिमटे तर मुळात कचरा उचलायच्या काठीची नक्कल आहेत. मण्यारीचं अंग गुळगुळीत. चिमट्यात ती झटके देऊन निसटते आणि पडते ती बहुधा धरणाऱ्याच्या पायाशी. चिमट्यात सापडलेला नाग चिमट्यालाच चावतो, आणि त्याचे दात मोडतात.

चिमट्याला काम नाही असं नाही. विहिरीच्या कपारीत, गाडीच्या इंजिनात, माळ्यावरच्या सामानात हुक फिरवायला जागा नसते. तिथे रुंद, रबर लावलेल्या जबड्याचा, चार फुटी चिमटा घेऊन मधल्या अंगाला हलकं धरून साप मोकळ्यावर आणावा आणि तिथून पुढे हुकच वापरावा. पहिल्या वर्षात चिमटा विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो हातात असला की हुक शिकायचा राहूनच जातो.

हातमोजे, बूट, टॉर्च

चामडी हातमोजे घेऊ नका. घोणशीचे दात दीड सेंटीमीटरच्या आसपास लांब असू शकतात, त्यांच्यापुढे मोज्याचं चामडं टिकत नाही. उलट बोटांना अंदाज राहत नाही आणि ‘मोजे आहेत’ म्हणून हात नको तिथे जातो. तेच पैसे गुडघ्याखालपर्यंतच्या गमबुटात घाला. शेतात, रचलेल्या दगडांत, गवतात चावा बहुधा पायाच्या घोट्याजवळ बसतो. फुरशाच्या भागात, म्हणजे कोकणातल्या कातळावर किंवा देशावरच्या मुरमाड माळावर, बुटाशिवाय काम करूच नये. गेटर चांगले, पण खाली बंद बूट असतील तरच. चप्पल आणि गेटर ही जोडी निरर्थक आहे.

हेडटॉर्च मात्र संचातली खरोखर उपयोगी वस्तू. मण्यार रात्रीची फिरते, अंथरुणात सापडते. दोन्ही हात हुकावर हवेत आणि उजेड नजरेबरोबर फिरायला हवा. पांढऱ्या उजेडाचा घ्या. रंगीत किंवा पिवळ्या उजेडात मण्यारीचे पट्टे आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बिनविषारी कवड्याचे पट्टे वेगळे काढणं कठीण जातं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरतात. मण्यारीचे मानेपासून थोडे मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, आणि पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. जरा शंका असली तरी साप मण्यार समजूनच हाताळायचा.

बरणी

संचात नसते, पण असायला हवी. रुंद तोंडाची, पाच लिटरची, आटे असलेल्या झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी. फुरसं दीड फुटाच्या आत असतं, खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं आणि आडवं उसळतं. त्याच्यासाठी नळीपेक्षा बरणी सोपी. बरणी आडवी टेकवायची, हुकानं फुरसं आत सारायचं, बरणी हुकानंच उभी करायची आणि झाकण लांब काठीनं तोंडावर सरकवून वरून दाबून फिरवायचं. झाकणाला तीन मिमीची भोकं पाडा, आतून बाहेर, म्हणजे धार बाहेरच्या बाजूला राहते. याहून मोठी भोकं नकोत, फुरशाच्या पिल्लाचं डोकं त्यातून निघतं. बरणीतून ओळख पटते, फोटो काढता येतो आणि रुग्णालयाला साप दाखवायची वेळ आली तर पिशवी उघडावी लागत नाही.

विष ओढणारा पंप

फेकून द्या. त्यानं विष बाहेर येत नाही, जखम वाढते आणि मोलाची मिनिटं वाया जातात. ब्लेड आणि आवळपट्टी दिली असेल तर तीही टाका. चावा झाला तर अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, चावलेला अवयव मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीनं स्थिर करायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं. १०८ ला फोन करतानाच सर्पदंश आहे हे सांगायचं. प्रतिविष किटमध्ये ठेवायची वस्तू नाही. ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं, कारण त्याची तीव्र रिॲक्शन येऊ शकते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनतं. चापडा या घाटातल्या विषारी सापासाठी ते बनवलेलंच नाही. आंबोली किंवा सह्याद्रीच्या घाटात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. किटमध्ये पंपाच्या जागी एक कागद ठेवा: जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे, तिथला फोन, आणि रात्री किती वेळ लागतो. दर पावसाळ्याआधी फोन करून खात्री करून घ्या.

सामानाबरोबर शिकण्याचं

तमिळनाडूतले इरुळा आदिवासी एक सळई, एक पिशवी आणि मडकी एवढ्यावर घोणस-फुरसं धरतात. चेन्नईजवळची, १९७८ मध्ये स्थापन झालेली त्यांची सहकारी संस्था प्रतिविषासाठी विष पुरवते. हे पाहून सामान गौण आहे असं कुणाला वाटेल, पण त्यांच्यामागे पिढ्यांचं शिक्षण आहे. आपल्याला ते वर्गात आणि अनुभवी माणसाच्या मागे उभं राहून मिळवावं लागतं.

प्रशिक्षण निवडताना पाहायचं ते असं. पहिला अर्धा दिवस ओळखीवर जायला हवा. सराव आधी रबरी नळीच्या तुकड्यावर, मग बिनविषारी सापावर, तोही वनविभागाच्या देखरेखीत. पीळ आणि गाठ डोळे झाकून जमेपर्यंत जिवंत साप समोर येता कामा नये. शिकवणारा स्वतः सापाची मान धरत असेल, चुंबन घेत असेल, मोबाईलसमोर नाग नाचवत असेल, तर फी परत मागून निघून या. दोन तासांत प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांचंही तेच. वर्गाच्या जागेपासून प्रतिविष असलेलं रुग्णालय किती अंतरावर आहे, हे पहिल्याच फोनवर विचारा. उत्तर येत नसेल तर त्या वर्गाला जाऊ नये.

देखभाल

प्रत्येक कामानंतर पिशवी उलटी करून साध्या पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. फिनेल, सुगंधी साबण वापरू नका, वासानं पुढचा साप आत शिरत नाही. एका सापाचे गोचीड दुसऱ्याला लागू नयेत म्हणून पिशव्या तीन तरी हव्यात. वाळलेली पिशवी सूर्याकडे धरून आतून पाहा, टाचणीएवढं भोक दिसलं तरी ती पिशवी बाद करा. ठिगळ लावू नका. भरलेली पिशवी स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही, चाळीस अंशांच्या पुढे साप तासाभरात मरू शकतो. साप त्याच दिवशी, वनविभाग सांगेल तिथे, सापडला त्या जागेच्या जवळच्या योग्य अधिवासात सोडायचा. किटमध्ये एक वही ठेवून तारीख, वेळ, ठिकाण, जात, लांबीचा अंदाज, जखम होती का आणि कुठे सोडला हे सहीनिशी लिहायचं. वही पाण्यानं भिजू नये म्हणून ती झिपच्या प्लास्टिक पिशवीत, पेन्सिलीसह.